नांदेडचं कार्ड आणि अण्णांचे सहा ग्लास

आमच्या घरात भूकंप ओळखण्याचं यंत्र आहे. ते स्टीलचं आहे, आजवर कधी बिघडलेलं नाही आणि पाहुणे जास्त आले तर त्यातून पाणीही पिता येतं.

यंत्र म्हणजे सहा ग्लास. एक सुलटा, त्यावर एक उलटा, अशी उतरंड, सगळ्यात वर आडवा चमचा आणि खाली पितळी परात. जमीन हलली की ग्लास परातीत पडणार, आवाज होणार आणि माणसं बाहेर पळणार, अशी ती योजना. किल्लारीचा भूकंप झाला त्यानंतर माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, ती अमलात आणली. तेव्हा लातुरात घरोघरी असे ग्लास रचलेले असायचे म्हणे. हळूहळू लोकांनी आपापले ग्लास स्वयंपाकघरात परत नेले. अण्णांनी नेले नाहीत. त्यांची थोरली बहीण ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली होती. "आक्काच्या घरी नुसते दोन ग्लास जरी रचून ठेवलेले असते..." एवढंच ते म्हणत. त्यामुळे त्या सहा ग्लासांना हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती.

मी नांदेडची. लग्न होऊन आले तेव्हा मला हा सगळा प्रकार भलताच विनोदी वाटला. पाण्याचा टँकर गल्लीत शिरला, ग्लास खाली! समोरून वरातीचा बँड गेला, ग्लास खाली! मांजराला शिंक आली तरी ग्लास खाली! आणि दर वेळी अख्खं घर गल्लीतल्या कडुलिंबाच्या झाडाखाली. एकदा नणंदेला बघायला आलेले पाहुणे पोह्यांच्या बश्यांसकट झाडाखाली उभे होते. (लग्न जमलं. मुलाकडचे म्हणाले, "माणसं चपळ आहेत.")

"आमच्या नांदेडला असलं काही नसतं," मी म्हणायचे.

"सूनबाई, तुमच्या नांदेडाला गोदावरी हाय," अण्णा शांतपणे म्हणायचे. "तुमचं पानी बी भरपूर अन् जमीन बी गप. तुमाला काय कळायचं?"

अण्णा एसटीत कंट्रोलर होते, शेवटची बरीच वर्षं अहमदपूरच्या स्टँडवर. निवृत्त झाले, पण माईक सुटला नाही. आमचे हे फिजिक्सचा क्लास चालवतात. वरच्या मजल्यावर क्लास, खाली आम्ही. वर मुलांना सूचना द्यायला म्हणून एक माईक आणला होता, तो अण्णांनी पहिल्याच दिवशी ताब्यात घेतला. "अकरावीची बॅच जिन्याला लागलेली आहे. विद्यार्थ्यांनी घाई करू नये." अशा घोषणा दिवसभर चालत. ह्यांना सगळं गाव 'सर' म्हणतं. सासूबाईसुद्धा पोटच्या मुलाला सरच म्हणतात. फार रागावल्या तर 'बाळ्या'.

मी शाळेत काँप्युटर शिकवते. त्यामुळे क्लासच्या काँप्युटर विभागाची मी प्रमुख. (विभागात मी एकटीच आहे.) आणि त्या विभागाची अब्रू त्या आठवड्यात पार धुळीला मिळाली होती.

झालं होतं असं, की वरच्या साठ काँप्युटरवर दर रविवारी सराव परीक्षा व्हायची. सगळे प्रश्न खालच्या सर्व्हरमधून वर जायचे. हा सर्व्हर माझ्या भावाने, पप्पूने, नांदेडहून पाठवलेला. तो जुने सर्व्हर घेऊन, दुरुस्त करून विकतो. "आमच्या नांदेडचा माल आहे, बघा कसा पळतो," असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मागच्या रविवारी साठ मुलांनी एकदम बटण दाबलं आणि नांदेडचा माल जागच्या जागी बसला! पडद्यावर नुसतं गोल गोल चक्र. पोरं अर्धा तास त्या चक्राकडे बघत बसली. पालक चिडले. समोरच्याच इमारतीत दुसरा क्लास आहे, त्याची पाटी आमच्या पाटीपेक्षा मोठी. पालकांनी सरांना तोंडावर सांगितलं, "पुढच्या रविवारी आम्ही स्वतः येऊन बसतो. पुन्हा असं झालं तर पोरं समोर जातील."

ह्यांचा चेहरा एवढासा झाला. क्लास ह्यांनी एका खोलीतून वाढवला होता. मला फार लागलं ते. मी लगेच पप्पूला फोन केला.

"ताई, तुझ्या सर्व्हरला दोन दुखणी हायत," पप्पू म्हणाला. "रस्ता अरुंद हाय अन् गोदामाचा माणूस हळू हाय. मी एक कार्ड पाठवतो. त्याच्यातच नेटवर्कचा रुंद रस्ता हाय अन् त्याच्यावरच माहिती साठवायच्या दोन चपळ पट्ट्या बसवून देतो. एका कार्डात दोन्ही कामं! शनिवारी एसटीनं येईल. फक्त बसवायच्या आधी मला फोन कर. एक सेटिंग सांगायचंय."

"फोन कशाला? मी काय आज बघून राहिले का सर्व्हर?"

"फोन कर," तो म्हणाला. हे त्याचं वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

शनिवारी मी शाळेत असताना कार्ड आलं. अण्णा स्वतः स्टँडवर जाऊन ते घेऊन आले. घरात शिरतानाच त्यांनी आवाज दिला, "नांदेडहून कार्ड आलेलं आहे!" आणि डबा सासूबाईंच्या हातात ठेवून ते माईकवर गेले.

आता आमच्याकडे कार्ड म्हणजे एकच. लग्नाची पत्रिका! नांदेडहून कार्ड आलंय, म्हणजे सुनेच्या माहेरचं. आणि सुनेच्या माहेरी लग्नाचा कोण राहिलाय, तर तेहतिशी ओलांडलेला पप्पू. सासूबाईंनी तारीख बघायला डबा उघडला.

संध्याकाळी मी घरी आले. "आई, कार्ड आलं का?"

"आलं की!" सासूबाईंचा चेहरा नुसता फुलला होता. "देवापुढं ठेवलंय. पर काय गं, एवढी मोठी गोष्ट अन् तू मला बोलली बी न्हाईस?"

"त्यात बोलायचं काय? छोटं तर कार्ड."

"छोटं कसं? चांगलं जाडजूड हाय. हिरवं गार, अन् खाली सोनेरी किनार! आजकाल काय कशीबी कार्डं काढत्यात. मजकूर तेवढा सगळा इंग्रजीत हाय, म्या काय वाचला न्हाई. मुलगी कुठली हाय?"

मी देवघरात धावले. गणपतीपुढे पाटावर सर्व्हरचं कार्ड! चारी कोपऱ्यांना हळदकुंकू, वर अक्षता, आणि त्या सोनेरी किनारीवर (म्हणजे जिथून सगळी माहिती ये-जा करणार त्या दातांवर!) ठसठशीत कुंकवाची बोटं. शेजारी एक पेढासुद्धा होता.

"आई! हे पप्पूच्या लग्नाचं नाही, सर्व्हरचं कार्ड आहे!"

"सर्वर कोन?" त्यांनी विचारलं. मग एकदम आवाज खाली आणून, "आपल्यातलाच हाय का?"

समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. शेवटी त्यांना पटलं. पण मग त्या पदराशी चाळा करत हळूच म्हणाल्या, "पर म्या तर हदगावच्या तुझ्या मावशीला फोन करून अभिनंदन केलं की गं."

हदगावच्या मावशीला कळलं म्हणजे जाहीर सभाच झाली. पण मला तेव्हा कुंकवाची चिंता होती. अर्धा तास मी मुलांच्या खोडरबरने ते सोनेरी दात घासत बसले. हे खोडरबर इथे खरंच चालतं बरं का, पप्पूनेच शिकवलेलं. दात चकचकीत झाले. मग दुसरी पंचाईत कळली. कार्डाची लोखंडी पट्टी, जिने ते सर्व्हरच्या मागच्या बाजूला स्क्रूने घट्ट बसतं, ती होती लांब. आमचा सर्व्हर बुटका. झाकणच लागेना.

आमच्या शेजारी गफूरचाचांचं दुकान आहे. कूलर आणि पत्र्याच्या पेट्या. लातूरला शिकायला येणारी अर्धी पोरं चाचांची पेटी घेऊन हॉस्टेलवर जातात आणि उन्हाळा लागला की चाचांचाच कूलर भाड्याने नेतात. आमच्या सर्व्हरला जिन्याखाली पत्र्याचं कपाटही त्यांनीच करून दिलं होतं. मी पट्टी घेऊन गेले.

"चाचा, एवढी कापून, वाकवून द्या. उद्या सरांची परीक्षा आहे."

"सरांची परीक्षा?" चाचांनी चष्मा वर केला. "ते तर दुसऱ्यांची घेतात ना, बेटी?"

"उद्या त्यांचीच आहे," मी म्हणाले. चाचा समजले. हातातली पेटी बाजूला ठेवून त्यांनी पट्टी कातरीने कापली, ऐरणीवर वाकवली, कानशीने घासली. अशी सुबक, की कारखान्यातून आल्यासारखी. "कूलरला लागते तेच माप हाय," ते म्हणाले. मला ते बोलणं तेव्हा सहज वाटलं.

वर रात्रीपर्यंत बॅच असल्यामुळे सर्व्हर बंद करता येत नव्हता. म्हणून रविवारी सकाळी सहाला मी स्क्रूड्रायव्हर घेऊन जिन्याखाली बसले. आधी पप्पूला फोन. लाइन व्यस्त. पाच मिनिटांनी पुन्हा, व्यस्त. सहा वाजता माणूस कुणाशी बोलतो? तिसऱ्यांदा व्यस्त लागल्यावर मी फोन बाजूला ठेवला. एक सेटिंग ते काय असून असून असणार! शाळेत मी पोरांना माउस धरायला शिकवते, मला काय कार्ड बसवता येत नाही?

झाकण उघडलं. कपाटाच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली. (हे मी ऐटीत केलं, कारण अण्णा बघत होते.) कार्ड खाचेत धरलं, दोन्ही अंगठ्यांनी सारखं दाबलं, टक् आवाज आला. पट्टीला स्क्रू पिळला. झाकण लावलं.

"बसलं का?" अण्णांनी विचारलं.

"बसलं."

अण्णांनी माईक उचलला. "नांदेडहून येणारं कार्ड फलाटाला लागलेलं आहे!"

मी सर्व्हर सुरू केला. पंखे जरा जोरात घुमले, मग थोडे मवाळ झाले. पहिल्यापेक्षा आवाज किंचित जास्त होता, पण नवीन कार्डाचा उत्साह असेल, असं मी मनाशी म्हणाले. एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. अण्णांचे ग्लास आधी हॉलमध्ये सिमेंटच्या ओट्यावर असत. तो ओटा मी इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी घेतला होता आणि ग्लास, परातीसकट, सर्व्हरच्या पत्र्याच्या कपाटावर ठेवले होते. "उंचावर बरे दिसतात," असं मीच अण्णांना पटवलं होतं.

नऊला साठ मुलं वर जाऊन बसली. खाली हॉलमध्ये पालक. सासूबाई पोहे वाटत होत्या आणि प्रत्येकाला "पप्पूचं लगीन न्हाई ठरलेलं" असं आपणहून सांगत होत्या. पुढच्याच खुर्चीवर निलंग्याकडच्या एका खेड्यातून आलेल्या आजी बसल्या होत्या. त्यांची नात आमच्याकडे. पोरीला समोरच्या क्लासला घालायचं की इथेच ठेवायचं, ते त्या आज ठरवणार होत्या.

"परीक्षा सुरू होत आहे," अण्णांनी जाहीर केलं.

साठ मुलांनी बटण दाबलं. मी पडद्याकडे बघत होते. चक्र नाही! प्रश्न असे भराभर वर गेले, की पोरं चकितच झाली. आकृत्या असलेले प्रश्न, ज्यांनी मागच्या रविवारी जीव घेतला होता, ते डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडत होते. ह्यांनी जिन्यातून खाली वाकून माझ्याकडे बघितलं आणि हसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गुरुत्वाकर्षणाशिवाय दुसऱ्या कशासाठी ह्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. माझा ऊर भरून आला. आमचं नांदेड!

आणि बरोबर दहाव्या मिनिटाला कपाटातून आवाज आला. सूंऽऽ.

मग घूंऽऽ. मग त्या घूंचं जे काही झालं ते अक्षरात लिहिता येत नाही! सर्व्हरचे सगळे पंखे एकदम शेवटच्या वेगाला गेले. चाचांचा पत्रा थरथरायला लागला. कपाट थरथरलं, कपाट टेकलेली भिंत थरथरली, जिन्याच्या कठड्याने सूर धरला. वरच्या चमच्याने आधी तुणतुण केलं. मी समोर उभी. हा पंखा आहे हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. कार्ड मी बसवलं होतं, आवाज कुठून येतोय ते मी डोळ्यांनी बघत होते, हातात स्क्रूड्रायव्हर होता.

ठण्! ठण्! ठणाणाऽऽ! सहाच्या सहा ग्लास परातीत.

आता तुम्हाला वाटेल, मी शांतपणे वळून सगळ्यांना म्हणाले असेन, "घाबरू नका, पंखा आहे." मलाही तसंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "भूकंऽऽप!"

आणि मी पळाले. सगळ्यांच्या आधी! पंधरा वर्षं ज्यांना हसले, त्या लातूरकरांना मागे टाकून, अनवाणी, स्क्रूड्रायव्हर तलवारीसारखा उगारून मी गल्लीत पोचले, तेव्हा घरातून अजून कुणी उंबरासुद्धा ओलांडला नव्हता.

घरात मात्र कुणी गडबडलं नाही. अण्णांनी माईक उचलला. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज इतका थंड कधी ऐकला नव्हता. "सर्व विद्यार्थ्यांनी इकडे लक्ष द्यावे. दप्तर जागेवर सोडा. पहिली ओळ उठा. जिन्याच्या डाव्या बाजूने उतरा. कुणीही पळायचं नाही. दुसरी ओळ उठा." साठ पोरं एकाही धक्क्याशिवाय खाली आली. मागून पालक, सासूबाई पोह्यांच्या पातेल्यासकट, शेवटच्या मुलीला पुढे घालून सर, आणि सगळ्यांच्या मागे माईक हातात धरून, वायर तुटेपर्यंत बोलत आलेले अण्णा.

आमचा क्लास बाहेर पडलेला बघून समोरचा क्लास बाहेर पडला. तो बघून गल्लीतले आणखी दोन. किराणा दुकानातली गिऱ्हाइकं, हॉस्टेलची पोरं, न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेला एक माणूस, सगळे लिंबाखाली! फोन सुरू झाले. पाच मिनिटांत अहमदपूरहून अण्णांच्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला, "कंट्रोलरसाहेब, धक्का आम्हाला बी जाणवला." कुणीतरी म्हणालं, निलंग्यालाबी बसला म्हणं. माझ्या पंख्यांची ताकद त्या दिवशी मला पहिल्यांदा कळली.

हे माझ्याजवळ आले. "नक्की काय झालं गं?"

"पंखा," मी कुजबुजले.

ह्यांनी डोळे मिटले. मग आजूबाजूला बघून अगदी हळू म्हणाले, "भूकंपच राहू दे. परीक्षा पुढच्या रविवारी घेऊ. निसर्गापुढे कुणाचं चालतं? पंखा म्हणालो तर सगळी पोरं आत्ताच समोर जातील."

खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. भूकंप झाला तर आमची चूक नाही. पंखा असेल तर सगळी माझी. मी मान हलवणार, तेवढ्यात माझं लक्ष निलंग्याच्या आजींकडे गेलं. त्या लिंबाच्या पारावर बसल्या होत्या. नातीचा हात त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. शेजारी अण्णा बसले होते. दोघांना किल्लारीचा तोच भूकंप आठवत होता. मला माझीच लाज वाटली. ज्या गोष्टीला हे लोक आयुष्यभर घाबरले, तिच्यामागे मी पंखा लपवायला निघाले होते.

मी पारावर चढले. स्क्रूड्रायव्हर अजून हातातच होता.

"ऐका हो सगळे! भूकंप झालेला नाही!" माझा आवाज फाटला. "तो सर्व्हरचा पंखा होता. कार्ड मी बसवलं. ग्लास त्याच्यावर मीच ठेवले. ओरडले पण मीच. चूक सगळी माझी आहे, सरांची नाही. जमीन अगदी गप आहे!"

आतून पंख्यांचं घूंऽऽ स्पष्ट ऐकू येत होतं. तेवढ्यात आमच्या दारातून गफूरचाचा बाहेर आले. सगळे बाहेर पळत असताना हा माणूस एकटा आत जाऊन बघून आला होता!

"बेटी," ते म्हणाले, "कूलर लई भारी हाय तुजा. फक्त पानी कुटं वतायचं ते सांग!"

आजींनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, स्क्रूड्रायव्हरकडे बघितलं. "पंखा व्हय गं माय?" त्या म्हणाल्या. "अन् तू त्याला भिऊन सगळ्यांच्या म्होरं पळालीस?" आणि हसायला लागल्या. दात नसलेलं, पोटातून आलेलं हसू. मग अण्णा हसले. मग सगळी गल्ली! न्हाव्याचा तो अर्धी दाढीवाला तर पारावर आडवाच झाला. पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. ह्यांनी आधी कपाळावर हात मारला आणि मग तेही हसले. त्या सकाळी हे दुसऱ्यांदा हसले होते.

मी मात्र एका वडिलांकडे बघत होते. त्यांनी मागच्या रविवारी सगळ्यात जास्त आवाज चढवला होता. ते पुढे आले. आता निकाल लागणार, हे मला कळलं. पण त्यांच्या आधी आजीच उठल्या.

"माजी नात हितंच ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. "ह्या क्लासात आधी मानसं बाहेर काढत्यात. पेपर काय, मागनं हुतो."

"माझं पण तेच म्हणणं होतं," ते वडील म्हणाले. (नव्हतं. पण आजींच्या पुढे बोलायची कुणाची हिंमत होती?)

तेवढ्यात माझा फोन वाजला. पप्पू! मी बोलायच्या आधीच तो ओरडला, "ताई! काल संध्याकाळपासून फोन थांबून नाही राहिले! हदगाव, नांदेड, भोकर, सगळे अभिनंदन म्हणतेत! निदान मुलगी कोण हाय ते तरी सांग!"

"ते नंतर! आधी सांग, पंखे का पिसाळलेत?"

"बसवलंस? फोन न करता?" तो कळवळला. "तेच तर सांगायचं होतं! आपलं कार्ड दुसऱ्या कंपनीचं हाय. अनोळखी कार्ड असलं, की काम वाढल्यावर ते किती तापलंय ते सर्व्हरला कळत नाही. आणि कळत नसलं, की तो म्हणतो, धोका हायच असं धरू. मग सगळे पंखे फुल्ल! त्याला समजावून सांगायची एक ओळ हाय, ती टाक."

अण्णा शेजारी उभे राहून ऐकत होते. "म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "कळत नसंल तर धोका हाय असं धरायचं. सूनबाई, तुमचा नांदेडचा सर्वर तर पक्का लातूरकर निघाला की!"

ती एक ओळ मी टाकली. पंखे गप झाले. पोरं वर गेली, आणि प्रत्येकाचा पेपर जिथे सोडला होता तिथूनच सुरू झाला. एकही उत्तर हरवलं नव्हतं. पप्पूच्या त्या चपळ पट्ट्यांनी सगळं जपून ठेवलं होतं! मी ही बातमी हॉलमध्ये जाऊन मोठ्या अभिमानाने सांगितली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. सगळे अण्णांभोवती कोंडाळं करून ग्लास कसे रचायचे ते शिकत होते.

एकही मूल समोर गेलं नाही. उलट पुढच्या महिन्यात समोरची चार आमच्याकडे आली. क्लासचं नवं पत्रक निघालं, त्यात सोयी छापल्या आहेत: अनुभवी मार्गदर्शन, गाळलेलं पाणी, भूकंपसूचक ग्लास. सर्व्हरचा उल्लेख नाही. आणि हदगावच्या मावशीने, एवढ्या लोकांना सांगून बसले, आता बातमी मागे कशी घेऊ म्हणून, खरंच पप्पूसाठी मुलगी शोधून काढली. लग्नाचं कार्ड आलं तेव्हा सासूबाईंनी ते उलटसुलट करून नीट पाहिलं आणि माझ्यापुढे धरलं. "बघ गं. ह्यो पंखा तर न्हाई ना?"

ग्लासांना गफूरचाचांनी वेगळा, जाड लोखंडी स्टँड करून दिलाय. सर्व्हरपासून चांगला लांब. मीही आता पुष्कळ शहाणी झाले आहे. परवाच भर दुपारी ग्लास धडाधडा परातीत पडले. पण या वेळी मी अजिबात घाबरले नाही. "काही नाही, पाण्याचा टँकर असेल," असं मी अगदी शांत आवाजात सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना, म्हणजे जे मागून लिंबाच्या झाडाखाली येऊन पोचले त्यांना.